डाव्या हाताच्या वह्या

गेल्या श्रावणात आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिचा उजवा हात गेला. महिनाभरानं फिजिओथेरपीसाठी येणाऱ्या मुलीनं सांगितलं, आता डाव्या हाताला कामाला लावा, पेन्सिल द्या, रेघा मारू देत. म्हणून कोरी वही शोधायला मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. कोरी वही मिळाली नाही. भरलेल्या अकरा वह्या मिळाल्या, माझ्याच. शाळेसमोरच्या दुकानात मिळतात तसल्या चित्रकलेच्या आडव्या वह्या, स्वस्त कागदाच्या, कडा पिवळ्या पडलेल्या. आतल्या सगळ्या रेघा डाव्या हातानं काढलेल्या.

मी डावखुरी नाही. लेक झाली तेव्हा तिला माझ्या उजव्या दंडावरच झोप लागायची. अलगद हात काढून घ्यायला गेलं की तिचे डोळे उघडायचे. दुपारचे दीड-दोन तास मी पलंगावर भिंतीला टेकून बसलेली असायचे, उजवा हात तिच्याखाली, डावा मोकळा. तैलरंग घरातून हद्दपार झाले होते, कारण टर्पेंटाइनचा वास बाळाला नको. शाई सांडायची भीती. उरली पेन्सिल. बाळंतपणाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात कधीतरी मी ती डाव्या हातात घेतली.

त्या वह्यांत काय आहे? छताचा पंखा आहे, कितीतरी वेळा. मच्छरदाणीची गाठ आहे. दोरीवर वाळत घातलेली लंगोटं आणि दुपटी आहेत, पावसाळ्यात न वाळलेली, खाली ओढ घेणारी. शेगडी, धुरीचं धुपाटणं, बाळाच्या टाळूवर भरलेल्या तेलाची वाटी. बाळाचा कान, एवढ्या जवळून की कान आहे हे ओळखू येत नाही. माझ्या उजव्या हाताला पंखा काढताना पंख्याकडे बघावं लागत नाही, इतका तो कॉलेजात तयार झाला होता. डाव्याला एकेका पात्याशी थांबावं लागलं. म्हणून त्या रेघा थरथरतात, अडखळतात, मध्येच तुटतात. जिथे तुटल्या आहेत तिथे बहुतेक वेळा लेक जागी झालेली आहे.

लेक तीन वर्षांची झाल्यावर मी एका निवासी कलाशिबिरासाठी अर्ज केला. अर्जात एक रकाना होता : मागील पाच वर्षांतील एकल व समूह प्रदर्शने. दुसरा रकाना होता वयाचा, पस्तिशीच्या आतलेच पात्र. खाली एका ओळीत, मुलांना सोबत आणता येणार नाही. पहिला रकाना मी कोरा ठेवला, उरलेल्या दोन्ही गोष्टी निमूट मान्य केल्या. निवड झाली नाही. त्याचं मला आज दुःख नाही. मला लागलं आहे ते वेगळंच. रकाना भरताना मला या वह्यांची आठवणसुद्धा झाली नाही. त्या पाच वर्षांत आपण काहीच केलं नाही, असं मी स्वतःच मानलं होतं.

हे मी कुठून शिकले?

कॉलेजात आम्हाला रंगाचं शिकवणारे सर फार मायाळू होते. शेवटच्या वर्षाच्या निरोपसमारंभात ते भरून आल्यासारखे म्हणाले, "तुमच्यातल्या बऱ्याच मुली लग्नानंतर ब्रश धुऊन ठेवणार, हे मला दिसतंय आणि वाईट वाटतंय." सगळ्या शांत बसलो. आज आमच्या वर्गातल्या मुलींपैकी गॅलरीत चित्रं लावणाऱ्या आम्ही दोघी आहोत. एक जण एलिमेंटरी-इंटरमीजिएटचे वर्ग घेते आणि तिच्या हाताखालून दरवर्षी मुलं 'ए' ग्रेड घेऊन बाहेर पडतात. एक जण बाळंतिणीच्या खोलीसाठी, बारशासाठी, डोहाळजेवणासाठी कागदाची सजावट करते. तिनं कापलेली कमळं मी जवळून पाहिली आहेत. तो कात्रीचा हात आमच्या वर्गात कुणाचाच नव्हता. यातल्या कुणीही ब्रश धुऊन ठेवला नाही. सरांना, आणि आम्हालाही, चित्रकार म्हणजे कोण याची एकच आकृती ठाऊक होती : स्टुडिओचं दार आतून बंद करून घेतलेला माणूस. त्याच्या दाराबाहेर कुणाच्या हातात चहाचा कप होता आणि कडेवर कोण होतं, ते आम्ही कधी विचारलं नाही.

बाकी आई हा विषय म्हणून चित्रकलेत कमी कधीच नव्हती. यशोदा कॅलेंडरावर आहे, मेरी युरोपातल्या प्रत्येक संग्रहालयात आहे. आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांची आई ते अगदी तान्हे असताना वारली, तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, आणि त्यांनी काढलेल्या मदर तेरेसांच्या चित्रमालिकेत निळ्या काठाची पांढरी साडी असते, मांडीवर मूल असतं, चेहरा नसतो. त्या चित्रांपुढे उभं राहिलं की माझ्या घशाशी येतं. हे सगळं मुलाच्या बाजूनं पाहिलेलं मातृत्व आहे. मुलाला आई दिसते, किंवा दिसत नाही म्हणून तो तिला शोधतो. मांडीवरचं मूल सांभाळत आईला समोर काय दिसतं, याची चित्रं कुठे आहेत, हा माझा प्रश्न होता आणि तो मला फार उशिरा पडला.

लंडनमध्ये चित्रकार मेरी केली यांनी १९७३ मध्ये मुलगा झाल्यावर नेमकं हेच करायला घेतलं. बाळानं काय खाल्लं याच्या नोंदी, लंगोटाच्या आतला डागाळलेला कागद, त्याचे पहिले बोबडे शब्द, त्याच्या रेघोट्या, आणि शेजारी आईच्या मनात त्या दिवशी काय आलं ते टंकलिखित. 'पोस्ट-पार्टम डॉक्युमेंट' नावाचं हे काम सहा वर्षं चाललं. १९७६ मध्ये त्याचा पहिला भाग तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये लागला तेव्हा वर्तमानपत्रांनी गहजब केला : घाणेरडी लंगोटं म्हणजे कला का? मी या कामाची छायाचित्रं पाहिली तेव्हा माझ्या दोरीवरच्या लंगोटांची चित्रं पेटीत पडून होती. केलींच्या त्या संपूर्ण कामात आईचं किंवा मुलाचं एकही चित्र नाही, हे मला सगळ्यात धीट वाटतं. गोंडसपणाला तिथे बसायला जागाच ठेवलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी लेकीला घेऊन भोपाळला गेले होते. ती तेव्हा अकरा वर्षांची. तिथलं भारत भवन हे कलाकेंद्र तिनं धावतच पाहिलं, कारण चार्ल्स कोरियांनी ती इमारत बांधली आहेच तशी, बड्या तलावाच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत जाणारी. गच्च्यांवरून मुलांनी पळावं आणि मोठ्यांनी खालच्या चौकात बसावं. १९८२ मध्ये ते सुरू झालं तेव्हा चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी एक हट्ट धरला होता : शहरातल्या चित्रकाराचं काम आणि गोंड, भिल्ल, राजवार माणसांचं काम एकाच छपराखाली, एकाच मानानं राहील. त्यासाठी माणसं गावोगाव पाठवली गेली.

त्यांतली काही १९८३ मध्ये सरगुजाकडच्या पुहपुतरा गावात एका घरापाशी पोहोचली. तेव्हा तो भाग मध्य प्रदेशात होता, आज छत्तीसगडमध्ये आहे. घर सोनाबाई राजवार यांचं. कोवळ्या वयात त्यांचं लग्न वयानं खूप मोठ्या माणसाशी झालेलं. मुलगा झाला, गावाबाहेर नवं घर बांधलं, आणि मग नवऱ्यानं त्यांना त्या घरातून बाहेरच पडू दिलं नाही. जवळजवळ पंधरा वर्षं. शेजारीण नाही, माहेर नाही, बाजार नाही. मुलाला खेळायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी मातीची खेळणी केली. मग भिंतीवर माणसं केली, झाडं, पोपट, माकडं, बासरीवाला. उन्हाळ्यात घरात हवा आणि सावली राहावी म्हणून बांबूच्या चिपा वाकवून, माती लावून गोल गोल जाळ्या केल्या, आणि जाळीच्या भोकांत पक्षी बसवले. रंग कुठले? घरातलेच, मातीतले, पाल्यातले.

भोपाळची माणसं आली, त्यांनी पाहिलं, आणि पुढे सगळं पालटलं. १९८६ मध्ये सोनाबाईंना मध्य प्रदेश सरकारचा तुलसी सन्मान मिळाला, काम परदेशात गेलं, त्या स्वतः गेल्या, गावातल्या तरुण मुलामुलींना शिकवलं. ज्याच्यासाठी खेळणी केली तो मुलगा आणि सूनही त्याच कामात आले. सोनाबाई २००७ मध्ये गेल्या.

ही गोष्ट जिथे जिथे वाचली तिथे ती चमत्कारासारखी सांगितलेली आहे. एकांतातून कला उमलली, बंदिवासातून सौंदर्य जन्मलं. मला हे वाचवत नाही. एका बाईला पंधरा वर्षं कोंडून ठेवलं ही आधी एक भयंकर गोष्ट आहे, आणि तिच्या हातून काय घडलं याचं श्रेय कोंडणाऱ्या दाराला देता येत नाही. तिला शेजारणी असत्या, माहेरी जाता आलं असतं, तर त्या मातीचं काय झालं असतं, याचा विचार कुणी करतं का? तिच्या कामाचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं : समोर एक मूल आहे, त्याला खेळायला काही नाही. खेळणं करणारी बाई आणि शिल्प करणारी बाई यांत १९८२ आणि १९८३ एवढंच अंतर होतं. त्या वर्षभरात तिचा हात बदलला नव्हता. कुणीतरी दारात आलं होतं, इतकंच.

खालच्या चौकात बसून मी लेकीला हे सांगत होते. ती म्हणाली, "मग त्या मुलानं ती खेळणी मोडली नाहीत?" मला उत्तर आलं नाही. मातीची खेळणी लहान मुलाच्या हातात राहिली म्हणजे मोडलीच असणार. आई पुन्हा करत असणार. अशी किती मोडली असतील!

याच भारत भवनात १९८७ मध्ये एक प्रदर्शन सुरू झालं. चार चित्रकार, चौघी बायका, चौघी आया : नलिनी मलानी, माधवी पारेख, नीलिमा शेख, अर्पिता सिंग. प्रदर्शनाचं नाव 'थ्रू द लुकिंग ग्लास', पुढच्या दोन वर्षांत ते देशात पाच ठिकाणी फिरलं. चौघींनी ठरवून जलरंगातली कागदावरची कामं घेतली. कागद गुंडाळता येतो, नेता येतो, त्याला मोठ्या पेट्या लागत नाहीत, मोठा स्टुडिओही लागत नाही.

या प्रदर्शनामागची साखळी मला फार आवडते. मुंबईच्या नलिनीताई १९७९ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या तेव्हा त्यांनी एआयआर ही बायकांनी बायकांसाठी चालवलेली गॅलरी पाहिली आणि तिथे त्यांना चित्रकार नॅन्सी स्पेरो भेटल्या. स्पेरो तीन मुलांच्या आई. १९५९ पासून पाचेक वर्षं पॅरिसमध्ये राहत असताना मुलं झोपली की रात्री त्या चित्रं काढत, एकेक चित्र पुसत, पुन्हा रंगवत, महिनोन् महिने. त्या चित्रांना 'ब्लॅक पेंटिंग्ज' म्हणतात. आई आणि मूल, दोन प्रेमिक, काळसर धूसर रंगातून अर्धवट वर आलेले. पुढे त्यांनी कॅनव्हास आणि तैलरंग सोडून दिले आणि उरलेलं आयुष्य कागदावर काम केलं. त्या भेटीनंतर आपल्याकडेही बायकांचं मोठं प्रदर्शन व्हावं, म्हणून नलिनीताईंनी खटपट केली. मोठं जमलं नाही, चौघींचं झालं. पॅरिसमधल्या एका रात्रीच्या दिव्यापासून भोपाळच्या तलावापर्यंत अशी ही वाट येते, आणि ती आयांच्या हातांतून येते.

चौघींत माधवी पारेखांशी माझं विशेष जमतं. गुजरातमधल्या खेड्यात वाढलेल्या, चित्रकलेचं कुठलंही शिक्षण नाही. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा, १९६४ मध्ये, त्यांनी चित्रं काढायला सुरुवात केली. नवरा मनू पारेख चित्रकार, त्यांनी पॉल क्ले या युरोपातल्या चित्रकाराचे धडे समोर ठेवले, आणि बाईंनी त्या चौकोन-त्रिकोणांतून आपल्या गावची रांगोळी, देवळं, किडे-मुंग्या, गोष्टीतले प्राणी बाहेर काढले. सगळं जग सांगतं की मूल झालं की चित्रकला सुटते. यांची मूल पोटात असताना सुरू झाली. लेकीच्या वेळी सातव्या महिन्यात मी सगळे ब्रश साबणानं धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते, सरांचं वाक्य खरं करायला. तेव्हा मला माधवी पारेखांची ही गोष्ट कुणी सांगितली असती तर, असं राहून राहून वाटतं.

अर्पिता सिंग यांचं लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीत मोठं प्रदर्शन झालं ते २०२५ मध्ये. भारताबाहेरच्या सार्वजनिक कलासंस्थेतलं त्यांचं हे पहिलं एकल प्रदर्शन, वय ८७. बातमी वाचून मी आनंदानं ओरडले आणि मग रागही आला. त्यांची मुलगी अंजुम, तीही चित्रकार होती, २०२० मध्ये गेली. हे प्रदर्शन तिला दिसलं नाही.

मोठ्या कॅनव्हासला किंमत जास्त आणि कागदाला कमी, ही बाजाराची रीत आम्हाला कॉलेजपासून माहीत होती. जेवणाच्या टेबलावर मावेल एवढ्या मापात वर्षानुवर्षं काम करणारी बाई त्या रीतीत आपोआप खाली जाते. या चौघी तिथेच थांबल्या असं मात्र नाही. नीलिमा शेख यांनी पुढे खोलीएवढे लोंबते पट रंगवले, नलिनी मलानींच्या फिरत्या सावल्यांनी मोठमोठी दालनं भरली. मुलं मोठी होतात, हात मोकळे होतात, माप वाढतं. प्रश्न मधल्या वर्षांचा आहे. त्या वर्षांतलं काम कोण बघतं, कोण जपतं, कोण त्याला काम म्हणतं?

आपल्या दारातलं उदाहरण घेते. डहाणू-तलासरीकडे वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. शेणानं आणि गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पांढरं, बांबूची काडी. चौकाच्या आत पालघट, ही त्यांची आई-देवी, सगळ्या पिकण्या-फळण्याची. तो चौक काढायचा मान सवासिनींचा. लग्नाची गाणी गाणारी धवलेरी, काढणाऱ्या सवासिनी, पिढ्यान् पिढ्या. १९७० नंतर भास्कर कुलकर्णींसारख्या जाणकारांमुळे ही कला कागदावर आली आणि शहरांत पोहोचली, तेव्हा त्या वाटेवर पुढे गेले ते बहुतांशी पुरुष. जिव्या सोमा म्हसे यांचा हात थोर होता, तारपा नाचाचं त्यांचं वर्तुळ पाहताना आपणच फिरायला लागतो. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती उशिराच मिळाली असं मी म्हणेन. तरीही मनात येतं, ज्या सवासिनींनी पालघट काढला त्यांच्यातल्या किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील? लग्न संपलं की भिंत पुन्हा सारवली जाते. कागद मात्र मुंबईला जातो, दिल्लीला जातो, आणि त्याच्याबरोबर माणसाला जावं लागतं. कडेवर मूल आणि पाटीत लाकूडफाटा असलेली बाई जाणार कशी? मला तरी कारण इतकं साधं वाटतं. याच कुलकर्णींनी आधी बिहारमधल्या मिथिलेत, दुष्काळाच्या वर्षांत, बायकांच्या हाती कागद दिला होता, आणि तिथे सीतादेवी, गंगादेवी अशी नावं टिकली. म्हणजे नावं टिकू शकतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते.

लेक दीड वर्षाची असताना तिला सांभाळायला एक मावशी येऊ लागल्या. बीडकडच्या. त्यांचा स्वतःचा चार वर्षांचा मुलगा तिकडे आजीकडे होता. सकाळी दहा ते दुपारी तीन त्या माझ्या लेकीला घेऊन बसत आणि मी मधल्या खोलीत काम करत असे. तेव्हा मी कोळशानं मोठी चित्रं सुरू केली, उजव्या हातानं. 'दुपार' नावाची मालिका झाली : एका बाईची मांडी, तिच्यावर झोपलेलं मूल, बाईचा चेहरा चौकटीबाहेर. २०१९ मध्ये ती लावली. लोक येऊन म्हणाले, काय सुंदर काढलं आहेस स्वतःचं आईपण. मी आभार मानले. ती मांडी माझी नव्हती. काम करणारी मी दुसऱ्या खोलीत होते, दारातून बघत होते, आणि मांडी मावशींची होती. चित्राखालच्या पट्टीवर लिहिलं होतं : कोळसा, कागद, माप, साल, माझं नाव.

चेहरा चौकटीबाहेर ठेवला तो चांगल्या रचनेसाठी, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज मला ते पटत नाही.

१९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या कलाकार मिअर्ल लेडरमन युकेलीस यांना पहिलं मूल झालं. पुढच्याच वर्षी त्यांनी एकाच बैठकीत बसून एक जाहीरनामा लिहिला, देखभालीच्या कलेचा. मी दिवसभर धुते, पुसते, शिजवते, टिकवते, आणि वेगळी कलाही करते, तर आता ही रोजची कामंच मी कला म्हणून समोर आणीन, असा त्याचा सारांश. क्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार, असा प्रश्न त्यांनी त्यात विचारला आहे. १९७३ मध्ये हार्टफर्डच्या संग्रहालयाच्या पायऱ्या त्यांनी गुडघ्यांवर बसून धुतल्या, येणारे-जाणारे बघत असताना. इथवर आलेल्या बऱ्याच जणी असतील. युकेलीस पुढे गेल्या. आपण घरात करतो तेच काम शहरासाठी कुणीतरी करतंय आणि तेही कुणाला दिसत नाही, हे त्यांना दिसलं. १९७७ पासून त्या न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात बिनपगारी निवासी कलाकार झाल्या. १९७९-८० मध्ये अकरा महिने शहरभर फिरून साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेकाशी हात मिळवला, आणि प्रत्येकाला म्हणाल्या, न्यूयॉर्क शहर जिवंत ठेवल्याबद्दल तुमचे आभार.

साडेआठ हजार हात. मला एका हाताचं नाव पट्टीवर लिहिता आलं नाही.

आई-कलाकार दिसत नाहीत, असं मी वर जे काही लिहिलं त्यातला प्रत्येक शब्द खरा मानूनही मला हे इथे लिहिणं भाग आहे. आपण दिसावं म्हणून आपण दुसऱ्या कुणाला आड करतो. माझी 'दुपार' घडली कारण एका बाईनं आपलं मूल चारशे किलोमीटरवर ठेवलं होतं. शिबिरवाल्यांनी मुलं आणू नका म्हटलं, याचा मला राग आला होता. मावशींना मुलाला घेऊन या, असं मी तरी कुठे म्हटलं होतं? पाळणाघर, मुलांसकट राहता येईल अशी शिबिरं, वयाच्या अटीत सूट, हे सगळं मी मागते आणि मागत राहीन. ते फक्त चित्रकार बाईसाठी मागून भागणार नाही.

गेल्या दिवाळीनंतर मावशींचा पत्ता काढून त्यांच्याकडे गेले. आता त्या गावीच असतात. त्या चित्राची मोठी छापील प्रत चौकट करून नेली होती. पट्टीवर या वेळी दोन नावं होती. त्यांनी प्रत गुडघ्यावर ठेवून बराच वेळ पाहिली. चेहरा नाही याबद्दल काही बोलल्या नाहीत. निऱ्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "ही साडी तुम्हीच दिलेली ना ताई, दिवाळीला. अजून आहे." मग मुलगा आला, आता सोळा-सतरा वर्षांचा. त्यानं चित्र बघितलं आणि विचारलं, "हे बाळ कोण?"

मी लेकीचं नाव सांगितलं. तो "अच्छा" म्हणाला आणि आत गेला. मला तो प्रश्न अजून सोडत नाही.

अकरा वह्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. एका मैत्रिणीचं म्हणणं, एकेक पान सुटं करून लाव. मला पानं फाडायची नाहीत. टेबलावर ठेवाव्यात, लोकांनी बसून, डाव्या हातानं उलटाव्यात, असं काहीसं मनात आहे. शेजारी पाळणा टांगण्याइतकी जागा असली पाहिजे, म्हणजे कुणाचं मूल झोपलेलं असेल तर तिलाही बसता येईल.

आईसाठी शेवटी कोरी वही विकतच आणली. पहिले काही दिवस पेन्सिल तिच्या बोटांतून गळायची. मी तिच्या हातावर हात ठेवायला गेले की ती मानेनं नको म्हणायची. तिनं आयुष्यभर दारात रोज रांगोळी घातली. कुणी तिला कधी कलाकार म्हटलं नाही, मीही नाही. चित्रकलेच्या कॉलेजात मी गेले ती तिच्या रांगोळीमुळे, हे कुठल्याच मुलाखतीत माझ्या तोंडून निघालं नाही. परवा दुपारी तिचं जेवण आटोपून मी भांडी घासायला टाकली आणि खोलीत आले तर ती वहीवर वाकलेली. रेघा नव्हत्या मारल्या. ठिपके घातले होते. सात, मग सहा, मग पाच, वाकडेतिकडे, काही कागदाला भोक पडेल इतके दाबलेले, ओळ खाली घसरत गेलेली. चार घालून ती थांबली. दमली होती. पेन्सिल माझ्याकडे देत तुटक म्हणाली, "उरलेले... उद्या."

मी वही मिटली नाही. तिच्या उशाशी तशीच उघडी ठेवली आहे.